‘लंडन कॉलिंग’ची जोड तबकडी : काही महिने ऐकून आणि भांडून झाल्यावर

घ्यावी का, याचं उत्तर आधीच देतो. घ्या. फक्त हिच्यासाठी टर्नटेबल विकत घेऊ नका, पण घरात आधीपासून असेल तर ही कपाटात हवीच. किंमत मात्र झोंबते. ‘लंडन कॉलिंग’ हा द क्लॅश या लंडनच्या पंक (बंडखोर, खरखरीत रॉक वाजवणाऱ्या) बँडचा अल्बम. १९७९च्या डिसेंबरमध्ये त्यांनी सीबीएस या रेकॉर्ड कंपनीला त्याच्या दोन तबकड्या एकीच्या भावात, पाच पौंडांना, विकायला लावल्या होत्या. कंपनी जोड अल्बमला तयार नव्हती. मग यांनी ‘अल्बमबरोबर एक बारा इंची सिंगल, म्हणजे एकदोन गाण्यांची तबकडी, फुकट देऊ या’ अशी मागणी पुढे केली, ती मान्य झाली, आणि त्या फुकटच्या सिंगलवर गाणी चढत चढत अख्खी दुसरी तबकडी तयार झाली. असा गोड बोलून केलेला गनिमी कावा मला फार आवडतो. आयात होऊन आपल्याकडे येईपर्यंत त्या औदार्यातलं काही उरत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझ्याकडे आहे ती नव्याने छापलेली साधी काळी आवृत्ती. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली त्याने ती पातळ पुठ्ठ्यात पाठवली, त्यामुळे कव्हरचा एक कोपरा दुमडलेला आला. दुसरी तबकडी किंचित वाकलेली आहे. सुई वरखाली होताना दिसते, पण उडी मारत नाही, म्हणून परत पाठवायच्या भानगडीत पडलो नाही. आतली कागदी पाकिटं ठेवा, पण तबकड्या त्यात ठेवू नका. कागद घासतो आणि धूळ धरतो. मी वेगळी प्लास्टिकचं अस्तर असलेली पाकिटं घेतली, तेव्हापासून मधल्या शांत जागांतली चटचट बरीच कमी झाली.

कव्हरसाठी बारा इंच लागतातच. फोनच्या पडद्यावर अंगठ्याएवढं दिसतं ते चित्र आणि हे चित्र यांचा संबंध नाही. न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये सप्टेंबर १९७९मध्ये बँडचा बेसवादक पॉल सिमनन आपला बेस (खालच्या सुरांची गिटार) रंगमंचावर आपटतोय, पाय फाकलेले, चेहरा दिसत नाही. पेनी स्मिथने तो फोटो काढला, आणि तो फोकसमध्ये नाही म्हणून वापरू नये असं तिचंच म्हणणं होतं. बँडचा गायक जो स्ट्रमर याने ऐकलं नाही. रे लोरीने त्यावर गुलाबी आणि हिरवी अक्षरं टाकली, ती एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५६च्या पहिल्या अल्बमची सरळसरळ नक्कल. एल्व्हिस गिटार छातीशी धरून गातोय आणि हा बेस फोडतोय. तो फुटलेला बेस पुढे लंडनच्या संग्रहालयात ठेवला गेला. त्याला शिस्तीत फोडलं असतं तर इतका मान मिळाला नसता.

आवाजाबद्दल : माझं यंत्र मध्यम दर्जाचं आहे, स्पीकर जुने. तरी फोनवर ऐकताना मला न सापडलेल्या दोन गोष्टी इथे लगेच सापडल्या. एक, बेस. तो खालून जमिनीतून येतो, नुसता धमधमत नाही. दुसरी, जागा. हायबरीतला वेसेक्स स्टुडिओ म्हणजे मुळात चर्चचा सभागृहवजा हॉल, आणि ड्रम्सभोवती ती मोकळी हवा ऐकू येते. याचं श्रेय ध्वनियंत्रक बिल प्राइसचं. नाव निर्माता म्हणून गाय स्टीव्हन्सचं आहे, पण स्टीव्हन्स यंत्रापाशी कमी आणि हॉलमध्ये जास्त असायचा. शिडी फिरवणं, खुर्च्या फेकणं, पियानोत दारू ओतणं, हे त्याचं ‘निर्मिती’चं काम. दारूने पोखरलेला माणूस, कंपनीला नको होता, आणि तरी बँडने हट्टाने त्यालाच घेतलं. दोन वर्षांनी, १९८१मध्ये, तो गेला.

आता मुख्य विषय. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी चार-पाच जण जमतात. तबकडी आली त्या आठवड्यात ‘यातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं’ असा वाद सुरू झाला, आणि तो अजून मिटलेला नाही. पहिल्याच संध्याकाळी एक नियम करावा लागला : शीर्षकगीताला मत द्यायचं नाही. नाहीतर अर्ध्या तासात मतमोजणी संपली असती.

त्या गाण्याच्या वाट्याला जाण्यात अर्थ नाही, हे खरंच. गिटार तलवारीसारखी वरून खाली कापत येते, आणि बेस तिच्या मधून चालत येतो. युद्धकाळात बीबीसी रेडिओवर ज्या शब्दांनी प्रसारण सुरू करायची तेच शब्द स्ट्रमरने उचलले, आणि बातमी मात्र प्रलयाची दिली. मार्च १९७९मध्ये अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत अपघात झालेला. थेम्सला पूर येऊन लंडन बुडेल ही भीती वर्तमानपत्रांत होती, आणि नदीवरचा मोठा बंधारा तेव्हा बांधून व्हायचा होता. हे सगळं गाण्यात आहे. शेवटी गिटारचा आवाज मोर्सच्या तारेसारखा टिकटिकत संपतो. बुडणाऱ्या जहाजावरून हाक यावी तसा. इंग्लंडमध्ये सिंगल अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण आमच्या नियमाने ते बाद.

दादाचं मत पहिल्या दिवसापासून ‘ब्रँड न्यू कॅडिलॅक’ला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर कुणीतरी कॅसेटवर उतरवून दिलेला हा अल्बम त्याने इतका वाजवला होता की टेप पातळ झाली होती. त्याचा मुद्दा सरळ आहे : “बाकी सगळीकडे हुशारी आहे. हे नुसतं गाणं आहे.” मी त्याला म्हटलं, “दादा, ते त्यांचं गाणंच नाही. व्हिन्स टेलरचं आहे, १९५९चं.” तो म्हणाला, “मग? वाजवलं कुणी?” यावर माझ्याकडे उत्तर नाही. गोष्ट अशी सांगतात की रेकॉर्डिंग झाल्यावर ड्रमर टॉपर हेडनने तक्रार केली, गाण्याचा वेग मध्येच वाढलाय, पुन्हा घेऊ. स्टीव्हन्सने सांगितलं, रॉक अँड रोल सगळंच वेग पकडतं, हेच राहू दे. तबकडीवर तो वाढणारा वेग स्पष्ट कळतो, आणि दादा म्हणतो तेच खरं, पुन्हा घेतलं असतं तर गाणं मेलं असतं. तरी त्याला पहिलं ठेवायला माझं मन धजत नाही. दोन मिनिटांत जेवढं द्यायचं तेवढं ते देतं. चाळिसाव्यांदा ऐकताना नवीन काही हाती लागत नाही.

भाची कॉलेजात आहे. तिचं मत ‘लॉस्ट इन द सुपरमार्केट’ला, आणि ते तिने एका बैठकीत ठरवलं. “मामा, तुम्हा लोकांना हे लक्षात कसं येत नाही? अख्ख्या अल्बममध्ये एकटाच माणूस कबूल करतोय की त्याला एकटं वाटतं.” शब्द स्ट्रमरचे, पण गायलंय बँडच्या गिटारवादकाने, मिक जोन्सने. मिक आजीबरोबर हॅरो रोडजवळच्या उंच इमारतीत राहायचा. स्ट्रमरने मित्राच्या बालपणाची कल्पना करून त्याच्यासाठी गाणं लिहिलं आणि भेट म्हणून त्याच्या तोंडी दिलं. भिंतीपलीकडून ऐकू येणारे शेजारी, सवलतीची कुपनं जमवणं, दुकानात सगळं असून आपण हरवलेलो. हे १९७९चं आहे यावर भाचीचा विश्वास बसत नाही. मला या गाण्याची दुसरी गोष्ट जास्त आवडते : बाकीचा बँड किती हळू वाजवतो. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी कान फाडले होते तेच लोक इथे पाय न वाजवता चालतात.

आमच्यात एक जण खरा बेस वाजवतो. त्याचं मत कुणाला असणार? ‘द गन्स ऑफ ब्रिक्सटन’. सिमननने लिहिलेलं आणि गायलेलं पहिलं गाणं. त्याला गाता येत नाही, हे पहिल्या ओळीत कळतं, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत त्याने काही बिघडत नाही हेही कळतं. तो लिहायला लागला त्यामागे व्यवहार होता. गीतकाराचा मोबदला स्ट्रमर-जोन्सना जायचा, फोटोंना पोझ देणाऱ्याला नाही. दक्षिण लंडनच्या ब्रिक्सटनमध्ये तो वाढला, तिथल्या जमैकन दुकानांतलं रेगे त्याच्या कानात होतं. दारावर पोलिस आले तर हात डोक्यावर ठेवून बाहेर येणार की पिस्तुलाच्या घोड्यावर बोट ठेवून, एवढाच प्रश्न गाण्यात आहे. ब्रिक्सटनमधली दंगल झाली एप्रिल १९८१मध्ये, म्हणजे गाण्यानंतर सव्वा वर्षाने. बेसची ती चाल इतकी पक्की की १९९०मध्ये ती उचलून केलेलं एक नाचाचं गाणं इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. या गाण्यासाठी तरी तबकडीवरच ऐका. माझ्या खोलीत कपाटावरची पितळी घंटी किणकिणते.

बायको वादात उशिरा आली आणि तिचं मत सगळ्यांना नडलं : ‘ट्रेन इन व्हेन’. बेसवाला म्हणाला, “वहिनी, ते तर रेडिओवरचं प्रेमगीत!” ती म्हणाली, “बाकी सगळे ओरडतात, हा एकटा भांडतो.” आता यावर काय बोलणार? हे गाणं अल्बममध्ये चोरवाटेने आलंय. एका साप्ताहिकाबरोबर वाटायच्या लवचिक तबकडीसाठी मिकने ते लिहिलं, तो बेत फसला, आणि तोवर अल्बमची कव्हरं छापून झालेली. म्हणून यादीत नाव नाही. पहिल्या आवृत्तीत चौथ्या बाजूच्या शेवटी, रिकाम्या चरीत, नाव कोरलेलं होतं तेवढंच. आणि याच गाण्याने बँडला अमेरिकेत पहिल्या तिसांत नेलं, तेवीसपर्यंत. कट्टर पंकवाल्यांना ते तेव्हाही खुपलं होतं. दादाला अजून खुपतं. तो चौथी बाजू लावली की शेवटच्या गाण्याआधी उठून चहा टाकतो.

काही आठवडे असे गेल्यावर एक गोष्ट दिसायला लागली. कोणी गाण्याला मत देतच नाहीये. दादाचं मत स्ट्रमरच्या घशाला, भाचीचं आणि बायकोचं मिकच्या दुखऱ्या सुराला, बेसवाल्याचं उघड उघड सिमननला. बँडमधल्या चौघांपैकी उरला टॉपर हेडन, ज्याला कुणीच मत दिलेलं नाही. आणि रॉकाबिली, रेगे, स्का (रेगेच्या आधीचा उडता जमैकन ठेका), जॅझची नक्कल, अमेरिकन सोल, हे सगळं एकाच अल्बममध्ये घातलं तरी ते विस्कटत नाही, याचं कारण मागे बसलेला तोच आहे. ‘हेटफुल’मध्ये अमेरिकन गिटारवादक बो डिडलीचा जुना ठेका, ‘रूडी कान्ट फेल’मध्ये नाचरा स्का, ‘क्लॅम्पडाउन’मध्ये लष्करी शिस्त. एकाच माणसाचे हात. पुढे १९८२मध्ये ‘रॉक द कॅस्बा’ची चाल त्यानेच बांधली, आणि त्याच वर्षी हेरॉइनमुळे त्याला बँडबाहेर जावं लागलं. त्यानंतर त्यांचं काही जमलं नाही, असं माझं मत आहे. इतरांनी आपापलं ठेवावं.

म्हणून माझं मत ‘डेथ ऑर ग्लोरी’ला. ते टॉपरमुळे, आणि शब्दांमुळेही. विषय काय? बंड करायला निघालेला प्रत्येक पोरगा शेवटी जगाशी तडजोड करतो आणि सोफ्याचे हप्ते भरत बसतो. बोटांच्या पेरांवर प्रेम आणि द्वेष गोंदवून घेतलेले हात पोरांना थापडा मारायला वापरतो. स्ट्रमर तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी क्रांतीच्या घोषणा देऊन झाल्या होत्या, बँड कर्जात होता, मॅनेजरशी फाटलं होतं, आणि पिम्लिकोत एका गॅरेजच्या मागच्या खोलीत, दुपारी फुटबॉल खेळून, नवीन गाणी रचायची होती. तिथे बसून त्याने आपलंच भविष्य हप्त्यांच्या हिशोबात मांडलं, आणि चाल मात्र हात वर करून गावी अशी दिली. मध्ये एक जागा येते. सगळं थांबतं, टॉपर झांजेवर हलकेच चालत राहतो, बेस जिना चढतो, गिटार दुरून येते, आणि मग धाडकन पुन्हा ध्रुवपद. ही जागा मी किती वेळा सुई उचलून मागे नेली असेल सांगता येत नाही. चरीला ते बरं नाही, करू नका.

याच गाण्यामुळे तिसरी बाजू माझी झाली. चारच गाणी. सुरुवात ‘राँग एम बॉयो’ने : स्टॅगर लीच्या जुन्या खुनाच्या लोकगीताने सुरू होतं, मध्येच मोडतं, आणि पुन्हा स्काच्या उडत्या ठेक्यात उभं राहतं. मूळ गाणं जमैकाच्या द रूलर्सचं. मग ‘डेथ ऑर ग्लोरी’. मग ‘कोका कोला’, दोन मिनिटांच्या आत न्यूयॉर्कच्या जाहिरातवाल्यांची आणि त्यांच्या नाकातल्या पावडरीची टर उडवून मोकळं. आणि ‘द कार्ड चीट’, ज्यात प्रत्येक वाद्य दोनदा वाजवून एकावर एक चढवलंय, अमेरिकन निर्माता फिल स्पेक्टरच्या पद्धतीने, म्हणून पियानो आणि ब्रास भिंतीसारखे अंगावर येतात. शीर्षकगीत पहिल्या बाजूला, ‘स्पॅनिश बॉम्ब्स’ आणि ‘क्लॅम्पडाउन’ दुसऱ्या, ‘ट्रेन इन व्हेन’ चौथ्या. लोकप्रिय गाणं एकही नसलेली बाजू हीच, आणि मी सर्वात जास्त वाजवतो तीही हीच.

दुसरी बाजू बहुमताने पहिली येते, हे मान्य. ‘स्पॅनिश बॉम्ब्स’ला आमच्यात कुणाचंच पहिलं मत नाही आणि सगळ्यांचं दुसरं आहे. निवडणूक पसंतीक्रमाने झाली असती तर तेच जिंकलं असतं. १९३६मध्ये स्पेनमधल्या ग्रानाडाजवळ मारला गेलेला कवी लोर्का, तिथल्या यादवी युद्धातले स्वयंसेवक, आणि त्याच देशाच्या किनाऱ्यावर १९७९मध्ये सुट्टीला येणारे पर्यटक व बास्क बंडखोरांचे बॉम्ब, हे सगळं इतक्या हसऱ्या चालीत, की शब्द कळेपर्यंत आपण गुणगुणायला लागलेलो असतो. स्ट्रमरची स्पॅनिश मोडकी आहे, असू दे. (या माणसाचा जन्म अंकाराचा, वडील ब्रिटिश परराष्ट्र खात्यात, आणि वडिलांचा जन्म चक्क लखनौचा.) ‘द राइट प्रोफाइल’ अभिनेता माँटगोमेरी क्लिफ्टवर आहे. १९५६च्या मोटार अपघातात त्याचा चेहरा बिघडला, आणि त्यानंतरचं त्याचं ढासळणं स्ट्रमर शेवटी शब्द चावत, बरळत गातो. पहिल्यांदा हसू येतं, नंतर येत नाही.

‘जिमी जॅझ’वर मतभेद आहेत. मला ते शिट्टीसकट आवडतं, दादाला ते वेळकाढूपणा वाटतं. कमकुवत मात्र चौथी बाजू, यावर एकमत. ‘लव्हर्स रॉक’ ढिसाळ आहे. लंडनमधल्या मवाळ रेगेच्या प्रकाराचं नाव घेतलंय आणि आत रेगेही नीट नाही आणि शहाणपणही नाही. ‘फोर हॉर्समेन’ भरतीचं. ‘आय अॅम नॉट डाउन’ने बाजू सावरते. मिकचं वाईट वर्ष त्यात आहे, आणि गिटारच्या पायऱ्या सुंदर आहेत. मग ‘रेव्होल्यूशन रॉक’, साडेपाच मिनिटांचं, शेवटी स्ट्रमर वाजंत्रीवाल्यासारखी जाहिरात करतो : लग्न असो, पार्टी असो, काहीही असो, बोलवा. पहिल्या अल्बममध्ये दंगल मागणारा बँड इथे लग्नाच्या सुपाऱ्या घेतोय. ही थट्टा आणि ‘डेथ ऑर ग्लोरी’तला सोफा यांचं नातं आहे, असं मी दादाला पटवायचा प्रयत्न करतो. तो चहा टाकायला उठतो.

हा पंक अल्बम आहे का, हा वाद आम्ही एकदाच घातला आणि सोडून दिला. पंकचे नियम पाळणारा अल्बम हवा असेल तर त्यांचा १९७७चा पहिला घ्या. हा इंग्लंडमध्ये नवव्या आणि अमेरिकेत सत्ताविसाव्या क्रमांकापर्यंत गेला. अमेरिकेत तो जानेवारी १९८०मध्ये आला, म्हणून ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमला. दादाला ही गोष्ट सांगितली की तो दर वेळी नव्याने हसतो.

कुणासाठी नाही, हेही सांगतो. ज्यांना गाण्यामागून गाणं आपोआप वाजायला हवं त्यांच्यासाठी नाही. पासष्ट मिनिटांत चार वेळा बाजू लावावी लागते, आणि स्वयंपाक करताना हात ओले असतात. शब्द कळायला पाहिजेत असा आग्रह असेल तर आतलं हस्ताक्षरातलं पाकीट जवळ ठेवा, तरीही स्ट्रमरचे काही उच्चार देवालाच ठाऊक. दुय्यम बाजारात जुनी प्रत मिळाली तर दुसऱ्या बाजूचा शेवट आधी वाजवून बघा. बेसच्या जड चरी झिजलेल्या असतील तर ‘ब्रिक्सटन’ फुटक्या डब्यासारखं वाजतं.

गुण : पाचपैकी साडेचार. अर्धा ‘लव्हर्स रॉक’चा कापला. ‘फोर हॉर्समेन’चाही अर्धा कापावा असं दादा म्हणतो, पण त्याच हिशोबाने तो ‘ट्रेन इन व्हेन’चाही कापणार, आणि बायको हे वाचणार आहे.